चालू पॅनेलवरचा ॲमीटर बदलायचा? आधी सीटी शॉर्ट करा

पॅनेल बंद करता येत असेल तर बंदच करा. ‘एवढ्याशा मीटरसाठी लाइट कशाला घालवता’ म्हणणाऱ्याच्या हातात पक्कड नसते. बंद करणं खरंच शक्य नाही, अशाच ठिकाणी परवानाधारक वायरमनने पुढचं काम करावं. बाकीच्यांनी ते काय करतात एवढं समजून घ्यावं.

बसबार म्हणजे पॅनेलमधला करंट वाहून नेणारी धातूची जाड पट्टी. तिच्यावर ओवलेली कडी म्हणजे सीटी, करंट ट्रान्सफॉर्मर. बसबार तिच्यातून एकदाच जातो, म्हणून त्याचा एक वेढा. २००/५ च्या सीटीत आत तारेचे ४० वेढे असतात, त्यामुळे बसबारमध्ये २०० अँपिअर वाहिले की मीटरला ५ मिळतात.

आता खरी मेख. सेकंडरीतला, म्हणजे मीटरला जोडलेल्या त्या ४० वेढ्यांतला, करंट बसबारच्या चुंबकत्वाला सतत विरोध करत असतो, म्हणून कोअर, म्हणजे कडीतला लोखंडी गाभा, शांत राहतो. मीटरची वायर सुटली की विरोध संपला. बसबारमधला करंट मात्र तेवढाच राहतो, कारण तो मोटारी ठरवतात, सीटी नाही. मग तो सगळा कोअरला चुंबकित करण्यात जातो आणि सुट्या टोकांवर शेकडो, मोठ्या सीटीला हजारो व्होल्टचे झटके उठतात. माणूस दगावू शकतो, ठिणग्या उडतात, सीटी तापून जळते. जळली नाही तरी कोअरमध्ये चुंबकत्व उरून पुढचं रीडिंग बिघडू शकतं.

म्हणून सेकंडरीच्या वाटेत फ्यूज टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका. फ्यूज उडाला म्हणजे सेकंडरी उघडीच पडली! मगरचिमटे लावून शॉर्ट करणंही, म्हणजे सेकंडरीची दोन टोकं थेट जोडणंही, मला मान्य नाही. धक्का लागला की निसटतात. आणि ॲमीटर शून्य दाखवतो म्हणून करंट नाही असं धरू नका. मीटर बिघडलाय म्हणूनच तर तुम्ही आलात.

टर्मिनल ब्लॉकवर, सीटीच्या बाजूला, एस१ आणि एस२ या सेकंडरीच्या दोन टोकांमध्ये शॉर्टिंग लिंक, म्हणजे दोन्ही थेट जोडणारी धातूची पट्टी, स्क्रूने घट्ट बसवा. लिंकची सोय नसेल तर काम तिथेच थांबवा आणि शटडाउन मागा. लिंक लावल्यावर मीटरकडे जाणाऱ्या वायरवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा) धरा. करंट जवळजवळ शून्यावर आला, आणि सीटीकडून येणाऱ्या वायरवर तो अजून दिसतोय, तरच लिंक पकडली असं समजा. एस२ चं अर्थिंग अजिबात काढू नका.

जुना मीटर काढा, त्याच रेशोचा, म्हणजे २००/५ ला २००/५ चाच, नवा लावा. दोन्ही लग (वायरच्या टोकांवरचे धातूचे तुकडे) ओढून पाहा. लिंक सगळ्यात शेवटी काढायची.

किलोवॅट दाखवणारा मल्टिफंक्शन मीटर असेल तर एक सीटी उलटी जोडली गेली की तिन्ही फेजवर सारखा लोड असताना एकूण आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. अशा वेळी मीटरला दोष देण्याआधी एस१-एस२ तपासा. अदलाबदल करायची झाली तर पुन्हा आधी लिंक. वीज कंपनीचं सील असलेल्या सीटीला मात्र यातलं काहीच लागू नाही, तिथे हात लावायचा नाही.