हंटिंग्टनच्या चाचणीत मी एकच पीक पाहिलं तेव्हा

एम.एस्सी. करून डायग्नोस्टिक लॅबमध्ये लागले, तेव्हा हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची चाचणी मला निव्वळ मोजणी वाटायची. चौथ्या गुणसूत्रावरच्या एचटीटी जनुकात सीएजी ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा आली ते पाहायचं. 26 पर्यंत काळजी नाही. 36 ते 39 असतील तर आजार होईल किंवा होणारही नाही. 40 किंवा त्याहून जास्त असतील तर मात्र सामान्य आयुर्मानात तो होतोच.

चौथ्या महिन्यात एका नमुन्याच्या आलेखात एकच पीक, म्हणजे एकच टोक, आलं, 17 वर. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती 17 च्याच असणार, असं धरून मी 'नॉर्मल' लिहून टाकलं. मॅडमनी रिपोर्ट अडवला. "फॉर्म वाचलास?" वाचला नव्हता. मुलगा 13 वर्षांचा, वर्षभरात अंग ताठरलेलं, अभ्यासात मागे पडलेला, वडिलांचे हातपाय आपोआप हलतात. लहानपणी सुरू होणाऱ्या हंटिंग्टनमध्ये असा ताठरपणाच जास्त दिसतो, आणि वडिलांकडून येताना आकडा खूप वाढू शकतो. इतकी लांब प्रत साध्या पीसीआरमध्ये (डीएनएचा तुकडा अनेक पटींनी वाढवून पाहायच्या पद्धतीत) कधी कधी उमटतच नाही. लांब पुनरावृत्ती पकडणारं टीपी-पीसीआर लावलं तर दातेरी शेपूट लांबवर पसरलेली दिसली, म्हणजे दुसरी प्रत खूप लांब होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं: मशीन सुरू करण्याआधी फॉर्म वाचा आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढा. घराणं मूळचं कुठलं तेही विचारा. एससीए12, म्हणजे अटॅक्सियाचा (तोल आणि हालचालींवरचा ताबा जाणाऱ्या आजारांचा) एक प्रकार, आपल्याकडे मुख्यतः उत्तर भारतातल्या अग्रवाल कुटुंबांत सापडतो आणि बहुधा हाताच्या कंपाने सुरू होतो. एक्झोम, म्हणजे जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांचं वाचन, नॉर्मल आलं म्हणून अटॅक्सियाची फाइल बंद करू नका. फ्रीडरिक अटॅक्सियातली जीएए या अक्षरांची वाढ इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात, असते, नेहमीच्या एक्झोममध्ये ती निसटते.

समुपदेशन मात्र पुस्तकातून येत नाही. शक्य असेल तर क्लिनिकमध्ये बसायची परवानगी मागा. त्या मुलाचा रिपोर्ट घ्यायला आईबरोबर त्याची मोठी बहीण आली होती, वय 22. "माझंही रक्त आजच घ्या," म्हणाली. मॅडमनी घेतलं नाही, आधी समुपदेशनाची तारीख दिली. लक्षणं नसलेल्या माणसाची चाचणी अशी घाईने करत नाहीत, आणि लक्षणं नसलेल्या अठराखालच्या मुलांची करतच नाहीत. ती दोनदा आली, खूप बोलली, आणि सध्या जाणून घ्यायचं नाही असं ठरवून गेली. तिच्या नावाच्या फाइलमध्ये फक्त वंशावळीचा कागद आहे.