कटानच्या बॉक्ससाठी फोम बोर्डचा इन्सर्ट: मापं, कापणी, चिकटवणी

कटान या बोर्डगेमच्या मूळ खेळात ९५ संसाधन पत्ते, २५ विकास पत्ते, १९ षटकोनी तुकडे, १८ अंकांच्या चकत्या, समुद्राच्या चौकटीचे ६ तुकडे आणि चार रंगांच्या मिळून ९६ सोंगट्या असतात. हे सगळं पिशव्यांत कोंबलं की प्रत्येक डावाआधी पिशव्या सोडायच्या, रंग निवडायचे, पत्त्यांचे गठ्ठे लावायचे, आणि डाव संपल्यावर तेच उलट क्रमाने करायचं. चांगल्या इन्सर्टमुळे, म्हणजे बॉक्सच्या आत बसणाऱ्या कप्प्यांच्या ट्रेंमुळे, ही सगळी उस्तवार संपते: बॉक्समधून ट्रे उचलायचा आणि तसाच टेबलावर ठेवायचा. म्हणून आखणी करताना आधी टेबलाचा विचार करा. कुठली वस्तू कोणाच्या हाताशी लागते ते ठरलं की बॉक्समध्ये कप्पे कसे बसवायचे ते आपोआप सुचतं.

सामान

५ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंना कागद असलेला फोम बोर्ड घ्या. ए-१ आकाराची (५९४ × ८४१ मिमी) एक शीट पुरते आणि उरतेही. ए-२ थोडक्यासाठी कमी पडते. दुकानात 'सनबोर्ड' मागितलात तर बऱ्याचदा पीव्हीसीची शीट हातात येते. ती जड असते, कापायला जोर लागतो आणि तिच्यावर फेविकॉल नीट धरत नाही. कड बघून घ्या, कागदाच्या दोन थरांमध्ये पांढरा फोम दिसला पाहिजे. नुसता थर्माकोल नकोच, त्याचे दाणे सुटून पत्त्यांना चिकटतात.

बाकी कटर आणि पात्यांचं एक जास्तीचं पाकीट, ६० सेंमीची स्टीलची पट्टी, गुण्या, कटिंग मॅट, फेविकॉल, टाचण्या आणि १० मिमी रुंदीची सॅटिनची फीत, एवढं लागेल.

चिकटवायला फेविकॉलच वापरा. फेविक्विकसारखा झटपट गोंद किंवा चपला चिकटवायचं रबरी सोल्यूशन आतला फोम विरघळवतं आणि जोडाच्या जागी पोकळी पडते. ग्लू गन फार तापली तर फोम वितळतो, शिवाय जोडात गोंदाचा थर राहून माप वाढतं. घरी केलेली खळ तर वापरूच नका, कागदात कसर लागायला तेवढं पुरतं.

आधी मोजणी

आवृत्तीनुसार बॉक्स थोडा लहानमोठा असतो. त्यामुळे खालची मापं नमुना समजा आणि तुमचा बॉक्स आतून मोजा. तळाशी आणि वरच्या कडेला असं दोनदा मोजा, कारण पुठ्ठ्याच्या भिंती मध्ये किंचित आत आलेल्या असतात. लहान येईल ते माप धरा.

बोर्डाची जाडीसुद्धा मोजा. '५ मिमी' लिहिलेला बोर्ड ४.७ भरू शकतो. दहा तुकडे एकावर एक रचा, उंची मोजा, दहाने भागा. एका भिंतीत ०.३ मिमीचा फरक काहीच वाटत नाही, पण तीन कप्प्यांच्या ट्रेमध्ये चार भिंती असतात, म्हणजे फरक सव्वा मिमीच्या घरात जातो.

इथे बॉक्स आतून २९० × २९० आणि उंचीला ६८ मिमी धरला आहे. चारही बाजूंची ढील वजा करून ट्रेंसाठी २८६ × २८६ उरतात. ही ४ मिमीची ढील खाऊ नका. घट्ट बसलेला ट्रे उचलताना भिंतीच निखळतात. उंचीत चौकट आणि नियमपुस्तिकेसाठी वर १५ मिमी सोडले, १ मिमी मोकळा ठेवला, उरले ५२.

मांडणी

पत्ते ५४ × ८० मिमीचे आहेत, त्यांना ५८ × ८४ चा कप्पा द्या. तीन कप्प्यांचा एक ट्रे बाहेरून १९४ × ९४ होतो. असे दोन ट्रे केले की सहा कप्पे मिळतात: लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज आणि सहावा विकास पत्त्यांचा. १९ पत्त्यांचा गठ्ठा जेमतेम ६ मिमी जाड होतो, म्हणून ट्रेची एकूण उंची २६ पुरे. दोन्ही ट्रे एकावर एक ठेवले की बरोबर ५२.

खेळाडूंचे चार ट्रे बाहेरून ९२ × १४३, उंची २६. प्रत्येकात १५ रस्ते, ५ वस्त्या, ४ शहरं. आत कप्पे करू नका. डावात सोंगट्या शोधायला सपाट, उघडा ट्रेच बरा पडतो. दोन-दोनच्या दोन चळती बॉक्सच्या एका बाजूला ९२ मिमीच्या पट्ट्यात बसतात (१४३ + १४३ = २८६).

षटकोनी तुकडा दोन सपाट बाजूंमध्ये साधारण ७९ आणि दोन टोकांमध्ये ९१ मिमी असतो. त्यासाठी बाहेरून १०५ × ९८ चा ट्रे, म्हणजे आत ९५ × ८८. तुकड्यांची टोकं ९५ च्या दिशेला येतील. १९ तुकड्यांची चळत सुमारे ४० मिमी होते, आतली उंची ४७ आहे. शेजारी ८९ × ९८ चा ट्रे अंकांच्या चकत्या, फासे, दरोडेखोराची सोंगटी आणि तुमच्या आवृत्तीत असतील तर बंदरांच्या चकत्यांसाठी.

आता १९४ × ९४ ची एक जागा रिकामी उरते. ती ५-६ खेळाडूंच्या पुरवणीसाठी राखून ठेवा, आज पुरवणी नसली तरीही. तिथे ५२ उंचीचा ट्रे करून आत ९५ मिमीवर एक आडवी भिंत घातली की एका बाजूला पुरवणीचे ११ षटकोन आणि दुसऱ्या बाजूला दोन नव्या रंगांच्या सोंगट्या मावतात. पुरवणीचे पत्ते आधीच्याच सहा कप्प्यांत जातात, तेवढी उंची तिथे आहे. ही जागा ट्रेशिवाय मोकळी सोडली तर बाकीचे सगळे ट्रे तिकडे सरकतात.

पत्त्यांना स्लीव्ह (प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं) घालणार असाल तर ते आत्ताच ठरवा. स्लीव्हसाठी कप्पा ६१ × ८६ हवा. मग पत्त्यांचा ट्रे २०३ × ९६ होतो, पुरवणीचा ट्रेही त्याच मापाचा करा. खेळाडूंच्या ट्रेची रुंदी ८३ करा, षटकोन आणि चकत्यांच्या ट्रेची ९८ ची बाजू ९४ करा आणि चकत्यांच्या ट्रेची ८९ ची बाजू ९८. बेरीज पुन्हा दोन्हीकडे २८६ च येते.

कापणी

प्रत्येक ट्रेमध्ये तळ पूर्ण बाहेरच्या मापाचा, भिंती तळावर उभ्या, लांब भिंती पूर्ण लांबीच्या आणि आखूड भिंती त्यांच्या मधे. म्हणून आखूड भिंत बाहेरच्या मापापेक्षा १० मिमीने कमी कापायची, आणि भिंतीची उंची ट्रेच्या उंचीपेक्षा ५ ने कमी: २६ साठी २१, ५२ साठी ४७.

भिंती एकेक करून कापू नका. आधी शीटच्या ५९४ च्या बाजूने लांब पट्ट्या काढा, मग त्यांचे तुकडे करा. एका पट्टीतून निघालेल्या भिंतींची उंची सारखी येते, ट्रे डुगडुगत नाही. २१ मिमीच्या सहा पट्ट्या आणि ४७ मिमीच्या तीन पट्ट्या लागतात. त्यांतून निघणारे तुकडे असे:

२१ च्या पट्ट्यांतून: १९४ चे ४, १४३ चे ८, ८४ चे ८ (यांतले चार कप्प्यांच्या मधल्या भिंती), ८२ चे ८.
४७ च्या पट्ट्यांतून: १९४ चे २, १०५ चे २, ९८ चे २, ८८ चे २, ८४ चे ३, ७९ चे २.

कटर तीन हातांत चालवा. पहिल्या हाताला फक्त वरचा कागद, दुसऱ्याला फोम, तिसऱ्याला खालचा कागद. एकाच दमात आरपार कापायला गेलात की पातं फोमला ओढतं, कड खरबरीत होते आणि तिथे गोंद धरत नाही. कापताना येणारा आवाज ऐका. नवं पातं सुळकन जातं. करकर सुरू झाली की पात्याचं टोक मोडा, काटकसर करू नका. पातं उभं ९० अंशांत धरा. ते कललं की भिंतही कलते, आणि चार कललेल्या भिंतींचा चौकोन कधीच जुळत नाही. पट्टी घसरू नये म्हणून तिच्या पाठीला मास्किंग टेप लावा, आणि दाबणाऱ्या हाताची बोटं कडेपासून लांब ठेवा.

बोटांसाठी खाचा चिकटवण्याआधीच कापायच्या. पत्त्यांच्या ट्रेच्या लांब भिंतींत प्रत्येक कप्प्यासमोर ३० मिमी रुंद, १५ मिमी खोल अर्धगोल खाच हवी. आखायला बाटलीचं झाकण चालतं. गोलाई एका झटक्यात न कापता छोट्या छोट्या सरळ कापांनी काढा, मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. षटकोनांच्या ट्रेला खाचेऐवजी फीत बरी: एक टोक भिंतीच्या आतून चिकटवा, फीत तळावरून नेऊन दुसरं टोक बाहेर सोडा. ते ओढलं की अख्खी चळत वर येते.

चिकटवणी

आधी गोंदाशिवाय सगळं टाचण्यांवर उभं करा आणि खरे पत्ते, खऱ्या सोंगट्या ठेवून बघा. चुकीचं माप या टप्प्यावर सापडलं तर एक तुकडा वाया जातो, नंतर सापडलं तर अख्खा ट्रे.

फेविकॉलची बारीक रेघ पुरते. सुई काढलेल्या सिरिंजने ती छान ओढता येते. जास्त गोंद बाहेर येऊन कागद फुगवतो, तो लगेच ओल्या फडक्याने टिपा. आधी एक लांब आणि एक आखूड भिंत गुण्याला लावून काटकोनात बसवा. तो एक कोपरा बरोबर आला की बाकीचे त्याच्यावरून जुळतात. प्रत्येक जोडात दोन-तीन टाचण्या खोचा, अर्ध्या तासाने काढा. पूर्ण ताकद यायला एक दिवस द्या, पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे दोन दिवस.

दमट हवेत बोर्डाचा कागद ओल धरतो आणि शीट वाकते. उरलेली शीट भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी पुस्तकांखाली आडवी ठेवा. सजावटीचा कागद फेविकॉलने फक्त एकाच बाजूला लावलात तर तो वाळताना आखडतो आणि तळाला बाक येतो. दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर मागे गोंद असलेला स्टिकर पेपर घ्या.

शेवटची तपासणी

ट्रे, त्यांवर चौकट, त्यावर पुस्तिका असं भरून झाकण लावा आणि बॉक्स पुस्तकासारखा उभा करून हलवा. आत खुळखुळलं तर ट्रे आणि चौकट यांच्यामध्ये फट आहे. रस्त्याची सोंगटी जेमतेम ५ मिमी जाड असते, एवढी फट तिला निसटायला पुरते. उरलेल्या शीटमधून २८४ × २८४ चा तुकडा कापून ट्रेंवर झाकणासारखा टाका. त्याने बॉक्सचं झाकण वर उचललं जात असेल तर ५ ऐवजी ३ मिमीचा बोर्ड किंवा साधा जाड पुठ्ठा घ्या.