आधी त्रिकोण, मग चौकटी: प्रतिपिंडाचं जनुक कागदावर जुळवताना

पहिल्या वर्षी मी फळ्यावर व्ही, डी, जे (प्रतिपिंडाचं, म्हणजे अँटीबॉडीचं, जनुक ज्यांतून जुळतं ते तुकडे) अशा रंगीत चौकटी काढल्या आणि ‘यातली एकेक उचलायची नि जोडायची’ म्हणून मोकळा झालो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग व्ही थेट जेला का नाही जुळत?” मी निरुत्तर! तेव्हापासून त्रिकोणांशिवाय सुरुवातच करत नाही.

लांब कागदी पट्टी घ्या. हे १४ वं गुणसूत्र, प्रतिपिंडाच्या जड (मोठ्या) साखळीच्या जनुकाची जागा. डावीकडे व्ही (कामाचे सुमारे ४०, तुम्ही पाचच काढा), मग डी (सुमारे २३), पुढे ६ जे आणि शेवटी सी (साखळीचा न बदलणारा भाग). आता व्हीच्या उजव्या आणि जेच्या डाव्या कडेला काळा त्रिकोण, डीच्या दोन्ही कडांना पांढरा. त्रिकोण म्हणजे कापायची खूण: डीएनएची ७ अक्षरं, मध्ये मोकळी जागा, मग ९ अक्षरं. मोकळी जागा काळ्यात २३ अक्षरांची, पांढऱ्यात १२ ची. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं एक काळा, एक पांढरा अशीच जोडी धरतात. मिळालं उत्तर.

आधी एक डी, एक जे निवडा. पट्टी दुमडून त्यांचे त्रिकोण समोरासमोर आणा आणि चौकटींच्या कडेनं कापा. मधलं वेटोळं गळून पडतं. मग तसाच व्ही जोडा. कात्री खरीच लावा, कारण डीएनए खरोखर कापला जातो. होझुमी आणि टोनेगावा यांनी १९७६ मध्ये उंदरांच्या पेशींत ते दाखवलं.

सांध्यात मात्र थोडी फट ठेवा. पेशी तिथली काही अक्षरं कुरतडते, आणि टीडीटी हे एन्झाइम कुठल्याही साच्याविना नवी घुसवतं. ए, टी, जी, सी अशा चिठ्ठ्या उचलून फट भरा. खरी विविधता इथे आहे, नुसत्या गुणाकारात नाही. पेशी अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचते; तो हिशेब चुकला की पुढचं सगळं वाचन बिघडतं, आणि साधारण तीनातल्या दोन वेळा तो चुकतोच. मग दुसरी पट्टी घ्या. १४ व्या गुणसूत्राची जोडी असतेच.

हमखास होणारी चूक: जेला सी चिकटवणं. नको! उरलेले जे आणि मधलं अंतर डीएनएत तसंच राहतं, ते आरएनए कातरताना जातं.

हलक्या (लहान) साखळीत डी नाही. तिचे प्रकार दोन, कप्पा आणि लॅम्डा. कप्पा २ ऱ्या गुणसूत्रावर: व्हीला पांढरा, जेला काळा. २२ व्यावरच्या लॅम्डात बरोबर उलट. कप्पा फसली तरच पेशी सहसा लॅम्डाकडे वळते, तेव्हा ती पट्टी सगळ्यात शेवटी काढा.