कुरणातलं द्विदल टिकत नसेल तर आधी युरियाचा हात आवरा
गवत आणि द्विदल एकत्र पेरलं आणि थोड्याच दिवसांत द्विदल गायब, असं होत असेल तर बियाण्याला दोष देण्याआधी खत बघा. गिनी गवताची मुळं बारीक नि दाट, पालाश (पोटॅश) नि स्फुरद (फॉस्फरस) तीच आधी ओढतात, स्टायलोसारख्या चाऱ्याच्या द्विदलाला उरलंसुरलं, त्यात वरून युरिया म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) खत टाकलं की गवत अजून माजतं आणि त्याच्या सावलीत द्विदल दबून जातं. अहो, नत्र द्विदलाला मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून मिळतंच, कमी पडतं ते स्फुरद, पालाश, गंधक! सिंगल सुपर फॉस्फेट दिलं तर गंधकही मिळतं. द्विदलाचं एक रोप हळूच खणून काढा, मुळावरची गाठ नखाने फोडा, आत गुलाबी-लाल दिसली तर नत्र मिळवायचं काम चालू आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत असतील तर बहुतेक पालाश कमी पडतंय.