कुत्रा अचानक गेला आणि कारणच कळत नाहीये, तर काय करायचं

रडू येणारच, पण घरातल्या कुणीतरी एकाने लगेच व्हेटला फोन लावायचा. ‘कसा काय गेला?’ याचं उत्तर मिळालं तर पोस्टमॉर्टममधूनच मिळतं आणि त्याला वेळ फार कमी असतो, उन्हाळ्यात तर काही तासच. तोवर त्याला चादरीत गुंडाळून सावलीत ठेवा, बाजूने बर्फाच्या पिशव्या लावा. डीप फ्रीजरमध्ये नको, गोठलं की आतली तपासणी नीट होत नाही. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी व्हेटर्नरी कॉलेजं आहेत, जवळ असेल तिथे निघायच्या आधी फोन करून विचारा. पोस्टमॉर्टम नको वाटलं तर नका करू, तेही चालतं, फक्त नंतर ठरवू म्हणून चालत नाही.

आता एक नीट आठवा. शेवटच्या दिवसांत तो विचित्र वागत होता का, लाळ गळत होती, पाणी गिळता येत नव्हतं, उगाच अंगावर येत होता? तसं असेल तर रेबीजची शंका धरायची, उघडा हात त्याच्या तोंडाला लावायचा नाही, आणि ज्याला चावलाय किंवा ज्याच्या जखमेवर चाटलंय त्याने रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

विषाचा संशय असेल तर उलटी, उरलेलं खाणं, आजूबाजूला पडलेलं पाकीट, सगळ्याचे फोटो काढा, मग पुसा. हातात ग्लोव्हज हवेत, खिडक्या उघड्या हव्यात, कारण उंदरांच्या काही औषधांतून पोटात विषारी गॅस तयार होतो आणि तो उलटीतूनही बाहेर येतो. कुणी मुद्दाम घातलंय असं वाटलं तर पोलीस तक्रार करता येते, भारतीय न्याय संहितेचं कलम 325 त्यासाठीच आहे. ‘कुत्र्यासाठी कसली तक्रार’ म्हणून परत पाठवलं तर कलमाचा नंबर सांगा आणि लेखी अर्ज द्या.

यानंतरचा भाग सगळ्यात अवघड, कारण डोकं सारखं मागे जातं, काल कमी खाल्लं होतं तेव्हाच न्यायला हवं होतं का वगैरे. मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसतो आणि काही तासांत खेळ संपतो, डॉबरमनमध्ये हृदयाचा आजार असा असतो की कधीकधी पहिलं लक्षण म्हणजे थेट मृत्यूच, प्लीहेतली (पोटातला एक अवयव, स्प्लीन) गाठ फुटून आत रक्तस्राव होतो तोवर बाहेरून कुत्रा ठणठणीत दिसू शकतो, आणि मण्यार चावली तर खूण सापडणंसुद्धा मुश्कील. बरं, पोस्टमॉर्टम करूनही काहीच सापडत नाही असं होतं, हृदयाचा ठोका बिघडून गेला तर मागे दिसण्यासारखं काही उरत नाही. म्हणून एक करा, शेवटच्या आठवड्याचं जे आठवतं ते कागदावर लिहा, व्हेटसमोर बसून एकदाच सगळं विचारून घ्या, ‘माझं काही चुकलं का’ हेसुद्धा. मनातल्या मनात स्वतःवर केस चालवण्यापेक्षा ते बरं.

लहान मुलांना ‘गावाला सोडलाय’ सांगू नका, ती वाट बघत बसतात. गेला, आपल्याला कारण माहीत नाही, एवढं त्यांना कळतं. ‘कुत्रंच तर होतं, दुसरं आणा’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, विषय बदला.

घरात दुसरा कुत्रा असेल तर तो शोधत फिरेल, कमी खाईल. पण पूर्ण दिवस खाल्लंच नाही तर त्याला दुःख समजू नका, दवाखान्यात न्या, तोच आजार किंवा तेच विष त्याच्याही पोटात असू शकतं. आणि नवीन पिल्लाचा विचार मनात आलाच तर आधी व्हेटला विचारा, पार्वोसारखा व्हायरस घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो, जुनी भांडी-पट्टा तसाच वापरू नका.