रस्त्यात पडलेली इंजेक्शनची सुई कशी उचलावी

वापरलेली सुई दिसली की बहुतेक जण ती पायाने गटारीत ढकलतात, नाहीतर कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकतात. गटार उपसणारा आणि कचरा निवडणारा पौरकार्मिक (सफाई कामगार) मात्र त्यात हात घालतो. म्हणून ती नीट उचलायला हवी, मग ती बेळगावात किल्ला तलावाकाठी दिसो, खानापूर स्टँडमागे दिसो, की गावात गोठ्याजवळ. जनावरांच्या इंजेक्शनची सुईही तितकीच टोचते.

आधी मुलांना लांब करा आणि एकाला तिथे उभं ठेवून सामान आणा: जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली (कपडे धुण्याच्या लिक्विडची चालेल) आणि लांब चिमटा. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. पायात बूट असावेत. हातमोजे जरूर घाला, पण रबर सुईला अडवत नाही, त्यामुळे बोटं लांबच ठेवा.

बाटली सुईजवळ नेऊन जमिनीवर ठेवा. ती हातात धरू नका, दुसऱ्याला धरायला सांगू नका. सुया टोचतात त्या इथेच. चिमट्याने सिरिंज मागच्या बाजूने पकडा आणि टोक खाली करून आत सोडा. सुईवर टोपण बसवू नका, ती वाकवू किंवा मोडू नका. झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा. बाटलीवर मराठीत आणि कन्नडमध्ये ‘वापरलेल्या सुया’ असं लिहा, शेजारी सुईचं चित्र काढा. चिमटा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. सुयांचा ढीगच असेल तर हात न लावता महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा.

बाटली जवळच्या सरकारी दवाखान्यात घेतात का, ते विचारा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दवाखान्यात सुयांसाठी टोचून फुटणार नाही असा पांढरा डबा ठेवावा लागतो. तिथे जमलं नाही तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. जाळू नका, प्लास्टिक वितळतं, टोक तसंच राहतं. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही हीच पद्धत ठेवावी.

सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका. मग लगेच बेळगावच्या बिम्ससारखं सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. ती लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील. बाहेर पडलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका फार कमी असतो, म्हणून घाबरून जाऊ नका. पण हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर 7 दिवस तग धरतो, तेव्हा सुई वाळलेली होती म्हणून घरी बसू नका. त्याची लस घेतली आहे का आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे डॉक्टरांना सांगा. सुई तपासायला नेण्याची गरज नाही, तपासणी तुमच्या रक्ताची होते. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.