भिंत आधी पावसात बघा

खानापूर तालुक्यातल्या एका चिरेबंदी घरात माझ्या हातून जी चूक झाली, तिथूनच सांगायला सुरुवात करते. सिव्हिलचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होते. सोप्यातल्या भिंतीला खालून ओल येत होती. लोणा लागून गिलाव्याचे पोपडे पडत होते. मी सांगितलं, चार फुटांपर्यंत सगळं खरवडून काढा आणि सिमेंटचा गिलावा करा, त्यात ओल थांबवायचं औषध घाला. आठवड्याभरात भिंत गुळगुळीत झाली. घरातल्या आज्जींनी मला आग्रहानं जेवू घातलं.

दोन पावसाळ्यांनंतर त्यांच्या नातवाचा फोन आला. गुडघ्यापर्यंत असलेली ओल सिमेंटच्या वर, डोक्याच्या उंचीला गेली होती. गिलावा फोडला तर आतल्या चिऱ्याचा भुगा हातात येत होता आणि भिंतीत दडलेला सागवानी खांब तळाशी कुजला होता. आज्जी काही बोलल्या नाहीत. खांबाला हात लावून बघितला आणि आत गेल्या.

हा चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो पाणी पितो. आपल्याकडची जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि माती-चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू हवेत सोडून देते. मी त्या भिंतीची बाहेर पडायची वाटच बुजवली होती, त्यामुळं पाणी वर चढलं आणि आत लाकडाकडं गेलं. डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला सिमेंटची ताकद शिकवली होती, पण जुन्या भिंतीला त्या ताकदीचं काय करायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या खांबामुळं मी जुन्या घरांच्या आणि देवळांच्या जतनाच्या कामाकडं वळले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या किंवा पलीकडच्या चंदगड-आजऱ्याच्या ज्या मुलामुलींना या कामात यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, सुरुवात पावसाळ्यात करा. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवसांत छत्री आणि वही घेऊन एकाच घराभोवती आठ-दहा वेळा फिरा. वळचणीचं पाणी कुठं पडतं, ते जोत्यावर उडतं का, अंगण घराकडं उताराचं झालं आहे का, पन्हळ कुठं तुंबली आहे, कुठल्या भिंतीवर शेवाळ धरतं, हे सगळं तारीख घालून लिहा. बहुतेक घरांची दुखणी त्या वहीतच सापडतात. गेल्या काही वर्षांत मी बघितलेल्या ओलसर भिंतींपैकी कितीतरी घरांभोवती नव्यानं सिमेंटचा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घातले होते. अंगणातून उडून जाणारी ओल त्यामुळं कोंडली आणि भिंतीकडं वळली. भिंतीलगतचा दोन-अडीच फुटांचा पट्टा उखडून तिथं खडी भरली आणि पाण्याला बाहेर वाट काढून दिली, तर पुष्कळदा भिंतीला हातही लावावा लागत नाही. उन्हाळ्यात घर बघून अंदाजपत्रक करणाऱ्याला हे दिसणारच नाही.

आता चुना. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नव्या माणसाचं सगळ्यात जास्त इथंच अडतं.

मी चुना शिकले तो वडगावच्या एका गवंडीमामांकडं. अर्धं बोलणं मराठी, अर्धं कन्नड. पहिल्या दिवशी त्यांनी मला थापी दिलीच नाही. कळीच्या चुन्याचा एक खडा पाण्यात टाकायला सांगितला आणि म्हणाले, "ऐक की अक्का, काय म्हणालाय बघ." ताजी कळी पाण्यात पडली की चरचरते, पाणी उकळायला लागतं आणि खडा फुटून त्याचं लोणी होतं. जो खडा गप्प बसतो, तो हवेत शिळा झालेला असतो. दुकानात पिशवीतून मिळणाऱ्या चुन्याच्या पुडीबद्दलही सावध राहा. पिशवी महिनोन्‌महिने पडून असेल तर आतला चुना बराचसा मेलेला असतो, आणि ते नुसतं बघून कळत नाही.

असं का होतं, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. चुनखडी साधारण 900 अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी उरते. कळीत पाणी घातलं की विझलेला चुना होतो. तो भिंतीवर चढल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. सिमेंटच्या भट्टीला 1450 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि भिंतीवर गेलेलं सिमेंट हवेतून परत घेतं ते त्या मानानं कमी. पर्यावरणाच्या बाजूनं चुन्याचं नाव घेतात त्यामागं हे गणित आहे. माझ्यासाठी मात्र त्याहून मोठं कारण, चुना चिऱ्यापेक्षा मऊ राहतो. भिंत थोडी हलली तर तडा सांध्यात जातो, दगडात जात नाही. सांधा पुन्हा भरता येतो, पण फुटलेला चिरा परत आणता येत नाही.

आमची पद्धत अशी. खड्ड्यात पाणी आधी, कळी नंतर. उलटं केलं तर चुना अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली, यात सूट नाही. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्यानं डोळा धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. विझवलेला चुना गाळून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा. तीन महिने ठेवलात तर तो लोण्यासारखा होतो आणि थापीला नुसता चिकटतो. मग एक भाग चुना, दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटांची किंवा कौलांची पूड. खानापूरला कौलं आणि मातीकाम जुनं असल्यामुळं फुटक्या कौलांना तोटा नाही, फक्त ती चांगली भाजलेली आहेत ना, ते वाजवून बघा. हिरडा आणि गूळ भिजवून ठेवलेलं पाणी मामा कालवणात, म्हणजे चुना-वाळूच्या या मिश्रणात, घालतात, काही जण बेलफळाचा गर घालतात. नवीन मुलं याच गोष्टींच्या मागं लागतात. माझा अनुभव असा की गुळाच्या प्रमाणावरून वाद घालणाऱ्यांची वाळू धुतलेली नसते. आधी वाळू, मग मळणी, मग बाकीचं. पूर्वी बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळत, आता आम्ही मिक्सर वापरतो. पण यंत्र लवकर बंद केलं की मामांना दुरूनच कळतं.

एका थराची जाडी बोटाएवढी, त्याहून जास्त नाही. पहिला थर आवळला की दुसरा. वर ओलं गोणपाट आणि निदान दोन आठवडे पाण्याचा शिडकावा. म्हणून आमचा हंगाम दिवाळीनंतरचा. एप्रिलच्या उन्हात चुना वरच्यावर सुकतो आणि आत कच्चा राहतो. मालकाला लग्नाच्या तारखेच्या आत भिंत हवी असेल तर काम घेऊ नका किंवा तारीख पुढं ढकलायला सांगा. एकदा मी भिडेखातर हो म्हटलं. संपूर्ण भिंत उतरवून पुन्हा करावी लागली आणि ती मजुरी माझ्या खिशातून गेली.

जुन्या कालवणात काय होतं, ते शोधायलाही शिका. तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि वाळू खाली उरते. ती धुऊन, वाळवून, वजन करून प्रमाणाचा अंदाज येतो. वाळूतच चुनखडीचे कण असतील तर मात्र हिशेब चुकतो, तेव्हा एकाच चाचणीवर विसंबू नका.

लाकडाचं काम मी स्वतः करत नाही, पण बघायला शिकले. तुळईचं टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलणारे सुतार पुष्कळ मिळतात. कुजलेले दोन फूट कापून तिथं जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडणारा मिळायला वेळ लागतो. असा माणूस सापडला तर त्याच्या सवडीनं कामाची आखणी करा. छप्पर उतरवण्याआधी प्रत्येक वाशाला आणि तुळईला नंबर घाला, फोटो काढा आणि टेकू दिल्याशिवाय एकही खुंटी काढू नका. वाळवीसाठी चंदगडकडं काजूच्या टरफलाचं तेल वापरतात. ते कातडी भाजतं, त्यामुळं मोज्यांशिवाय हात लावू नये. दरवाजे-खांबांवरचा ऑइलपेंट उतरवून जवसाचं तेल दिलं की शंभर वर्षांचा साग कसा दिसतो, ते एकदा बघा. घरच्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून आलेले मी बघितले आहेत.

जुनं घर टिकवायचं तर त्यात आजच्या माणसाला राहता आलं पाहिजे. नवी पिढी पुण्याहून गणपतीला येते आणि पहिली तक्रार असते ती न्हाणीघराची. आम्ही संडास-न्हाणी परड्याच्या बाजूला वेगळ्या हलक्या बांधकामात घेतो आणि पत्र्याच्या छपराखालून घराला जोडतो, म्हणजे नळ गळला तरी मातीची भिंत भिजत नाही. वायरिंगसाठी झिरी मारायची नाही. लाकडी पट्टीवरून किंवा पितळी-लोखंडी नळीतून ते उघडंच न्यायचं, पण नीट रेषेत. माळ्यावर कोंडणाऱ्या उष्णतेसाठी कौलांखाली फळ्यांची पाटई आणि दोन्हीत हवा खेळायला जागा. अंधाऱ्या माजघराला दोन-चार काचेची कौलं पुरतात. सोलर पॅनेल जुन्या छपरावर चढवायचा हट्ट मी मोडून काढते. मागच्या गोठ्याच्या किंवा शेडच्या छपरावर ते बसतात, आणि जुन्या वाशांना त्या वजनाची सवय नसते. पन्हळीचं पाणी घरच्या आडात सोडणं हे तर सगळ्यात स्वस्त आणि मालकाला लगेच पटणारं काम.

देवळांचं काम वेगळं आणि अवघड आहे. 'जीर्णोद्धार' म्हटलं की आपल्याकडं जुनं पाडून नवं शिखर आणि खाली चकचकीत ग्रॅनाइट असंच डोळ्यांसमोर येतं. पंचकमिटीशी भांडून काही होत नाही. मी त्यांना हलशीला घेऊन जाते. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, त्याचा बिनरंगाचा दगड आणि जमिनीचा गारवा पायाला लागला की निम्मं बोलणं तिथंच होतं. दगडावरचा ऑइलपेंट काढायला वाळूचा मारा करणारं यंत्र कुणी सुचवलं तर मात्र ठाम नाही म्हणा. कोरीवकामाची वरची कातडी त्यात निघून जाते.

कायदा माहीत असू द्या. बेळगावच्या किल्ल्यातली 1204 सालची कमलबस्ती केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकांपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी घ्यायची सक्ती, ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीनं 1958 च्या कायद्यात आली. त्या हद्दीतल्या साध्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. आपला भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडं येतो, आणि राज्य संरक्षित वास्तूंसाठी कर्नाटकाचा 1961 चा वेगळा कायदा आहे. राज्याच्या कार्यालयांशी पत्रव्यवहार पुष्कळदा कन्नडमध्ये करावा लागतो. ती भाषा लिहा-वाचायला शिकाच. कामावर तर तिच्याशिवाय चालतच नाही. आमच्याकडं चुन्याला सुण्ण म्हणणारा, कालवणाला गारे म्हणणारा आणि कौलाला हंचू म्हणणारा कारागीर त्याच्या भाषेत जितकं सांगतो, तितकं दुभाष्यामार्फत कधी सांगत नाही.

शिक्षणाचे रस्ते दोन. पी.यू.सी. (बारावी) नंतर 'नाटा' ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्टची पदवी, आणि मग जतनशास्त्रातलं एम.आर्क. हा मोठा रस्ता. पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात, शिवाय दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये तो अभ्यासक्रम आहे. माझ्यासारखा एस.एस.एल.सी. (दहावी) नंतर डिप्लोमा करून कामातून शिकण्याचा रस्ताही आहे. त्यात सही करायचा अधिकार आर्किटेक्टचाच राहतो, हे आधीच समजून घ्या. पण साइट चालवणारं, कारागिरांशी बोलणारं माणूस सगळ्यांना हवं असतं. वारसा-जतनासाठी 1984 पासून काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या कार्यशाळा चुकवू नका. माती हाताला समजावी असं वाटत असेल तर खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आपल्या खानापुरातच आहे.

पैशांचं खरं सांगते. पहिली तीन-चार वर्षं वर्गमित्र फ्लॅटच्या साइटवर जास्त कमावतात. मला घरच्यांचा आधार होता. तुम्हाला नसेल तर वर्षातले सहा महिने साधं सिव्हिलचं काम करून हंगामात इकडं या, त्यात काहीही कमीपणा नाही. भाऊबंदकीतली घरं घेताना सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आधी घ्या. अर्ध्यावर थांबलेलं, छप्पर उघडं असलेलं घर एका पावसात जातं. मुलींनी साइटवर संडासाची सोय आणि परतीच्या एस.टी.ची वेळ पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी, मागायला संकोच करू नये.

त्या आज्जींच्या घराचं सिमेंट आम्ही नंतर दोन महिने छन्नीनं हळूहळू काढलं. खांबाच्या तळाला सागाचा तुकडा जोडला, खाली दगडी बैठक दिली आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत तशीच उघडी वाळत ठेवली. दिवाळीनंतर चुना चढवला. तो सुकल्यावर आज्जींनी स्वतः नीळ कालवून पहिला हात दिला. यंदा त्यांच्या परड्यातल्या खड्ड्यात शेजारच्या घरासाठी चुना भिजत घातला आहे. वरचं पाणी आटलं की आज्जी स्वतःच बादलीभर पाणी घालतात आणि मला फोन करून तसं सांगतात.